तोम्केच्या अर्जाचं पहिलं पान

१

नकाराचं पत्र तोम्के हार्म्सला शुक्रवारी मिळालं आणि सोमवारी सकाळी तिनं मला फोन केला.

"अपंग कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी तुम्हीच ना? मग तुमच्या कार्यालयानं मला साधं मुलाखतीलाही का बोलावलं नाही, तेवढं सांगा."

मी तिला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. सोमवारी सकाळी माझे कान त्यातल्या त्यात बरे असतात, पण फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. दोन्ही कानांत यंत्रं घालून मी वेस्टरकोगच्या जिल्हा कार्यालयात एकतीस वर्षं काढली. त्यातली चौदा या निवडून आलेल्या खुर्चीवर. जड दरवाजे, बंद पडलेली लिफ्ट, "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणणारे साहेब. निवृत्तीला एक वर्ष सात महिने उरले होते आणि मी ते मोजत होते.

"जागा कुठली?" मी विचारलं.

"नागरिक माहिती कक्ष. लोकांचे फोन घ्यायचे, माहिती द्यायची. मी आंधळी आहे. अकरा वर्षं एका विमा संस्थेत हेच काम केलं. तिथला कक्ष बंद झाला."

आमच्याकडे नियम साधा आहे. उमेदवारानं अर्जात अपंगत्व कळवलं असेल आणि तो उघडउघड अपात्र नसेल, तर सरकारी कार्यालयाला त्याला मुलाखतीला बोलवावंच लागतं. शिवाय असा अर्ज आला की मला ताबडतोब कळवावं लागतं. मला कुणी काही कळवलं नव्हतं.

"अर्जात तसं लिहिलं होतं तुम्ही?"

"पहिल्या पानावर, तिसऱ्या ओळीत. शेवटी प्रमाणपत्राची प्रतही जोडली होती."

मी जिना चढून आस्मुसेनसाहेबांकडे गेले. फोल्कर्ट आस्मुसेन आमचे कर्मचारी विभागाचे प्रमुख. गोड बोलणारा, गुळगुळीत माणूस. पाय टेबलाच्या कडेला टेकवून बसले होते. दोन्ही मोज्यांच्या काठांवर दोऱ्यानं एकेक अक्षर शिवलेलं होतं.

"बायकोची कला," माझी नजर बघून ते म्हणाले. "मला लाल-हिरवं एकच. ती नसती तर रोज विदूषक होऊन आलो असतो."

त्यांनी संगणकावर तोम्केचा अर्ज उघडला. स्कॅन केलेली करडी पानं. पहिल्या पानावर पोस्टाचा शिक्का, तीन एप्रिल. तिसरी ओळ: दूरध्वनीवर काम करण्याचा मला अकरा वर्षांचा अनुभव आहे. आंधळेपणाचा शब्दही नव्हता. प्रमाणपत्र नव्हतं.

"विसरली असेल हो बाई," आस्मुसेन म्हणाले.

"आपण आंधळे आहोत हे विसरली?"

त्यांनी पाय खाली घेतले.

२

मूळ कागद दुसऱ्या मजल्यावर होता, गेशे लॉरेन्झनच्या कपाटात. माहिती कक्षाची ती प्रमुख. अर्ज पोस्टातून आधी तिच्याकडे जात, ती यादी करी आणि मग कर्मचारी विभाग ते स्कॅन करून घेई.

मी दारात उभी राहिले. तिनं मान वर केली, पण काही बोलली नाही.

"येऊ का?" मी म्हटलं.

"अरे, माथीसनबाई! या, या."

बाहेर लख्ख ऊन होतं, आणि हिनं पडदे ओढून घेतले होते. डोकं दुखतंय म्हणाली. किटलीतला चहा तिनं मला ओतला, तोही अर्धाच कप. बोलताना ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, माझ्या कानाच्या जरा बाहेर पाहत होती. असं पुष्कळ जण करतात. यंत्राकडे नजर जाते, मग त्यांना ओशाळल्यासारखं होतं. मला सवय आहे.

"हार्म्सचा अर्ज नववा आला," ती म्हणाली. "आम्ही आठ जणांना बोलावलं. अपंग आहे हे कळलं असतं तर बोलावलंच असतं. कायदाच आहे तसा."

"बोलावायला आवडलं असतं?"

"खरं सांगू? तिचेच हाल झाले असते इथे. या कक्षात सगळं झपाट्यानं वाचावं लागतं. समोरचा थांबत नाही. एकदा चुकलात की लोक तुमच्याकडे बघायला लागतात."

"आंधळ्या माणसाला लोक बघतात हे दिसत नाही, लॉरेन्झनबाई."

"कळतं," ती म्हणाली.

तिनं पाकीट काढून दिलं. "घेऊन जा. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

बसची वेळ झाली म्हणून ती माझ्याबरोबरच बाहेर पडली. वर्षभरापासून तिनं गाडी सोडली होती. हवेसाठी, पृथ्वीसाठी असं काहीतरी सांगायची. सगळे तिचं कौतुक करत.

खोलीत येऊन मी पाकीट उघडलं. आठ पानं. पहिल्यावर लाल शिक्का, तीन एप्रिल. दुसऱ्या पानाच्या तळाशी तोम्केची सही. शब्द नीट, समास नीट, अक्षरांची जात तीच. मी तो अर्ज तीनदा वाचला आणि मला त्यात काहीही सापडलं नाही.

मग मी तोम्केला बोलावलं.

३

ती बुधवारी आली. चौतिशीची, उंच, पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवणारी. बसल्याबसल्या म्हणाली, "तुमच्या खोलीला पायऱ्यांनी यावं लागतं. अपंगांच्या प्रतिनिधीच्या खोलीला!"

"लिफ्ट बंद आहे. चौथं पत्र गेलंय माझं."

"चौथं!" ती हसली. मलाही हसू आलं, कितीतरी दिवसांनी.

मी पानं तिच्या हातात दिली. तिनं ती वाचायचा प्रयत्न केला नाही. प्रत्येक पानाचा खालचा उजवा कोपरा तर्जनीच्या टोकानं चाचपला.

"दोन," ती म्हणाली. "तीन. चार. पाच. सहा. सात. आठ."

"हे काय करताय?"

"मी प्रत्येक पानावर ब्रेलमध्ये आकडा टोचते, बारीकसा. पाकिटात भरताना पानं उलटसुलट झाली तर मला कसं कळणार? डोळस माणसाच्या ते लक्षातही येत नाही." तिनं राहिलेलं पान उचललं, वरचं. कोपरा चाचपला. मग दुसरा कोपरा. मग चारही कडा.

तिनं पान टेबलावर परत ठेवलं.

"हे पान माझं नाही," ती म्हणाली. "आणि नऊ नंबरचं पान नाहीच. ते प्रमाणपत्र होतं."

मी कोपऱ्यावर अंगठा फिरवला. गुळगुळीत कागद. दुसऱ्या पानावर मात्र अगदी बारीक पुरळ आल्यासारखं लागलं.

कुणीतरी बसून तोम्केचं पहिलं पान नव्यानं टाईप केलं होतं. त्यातली एक ओळ बदलून, बाकी शब्द तसेच ठेवून. सही दुसऱ्या पानावर असल्यानं ती खोटी करायचीही गरज पडली नव्हती. वर तारखेचा शिक्का मारून ते पान पुन्हा लावून दिलं होतं.

"कोण असेल?" तोम्केनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तोच माझ्यासारखा थकवा होता. "मला ओळखणारं इथं कुणीच नाही हो."

४

शिक्का म्हटलं की पोस्टाची खोली, आणि पोस्टाची खोली म्हणजे हिन्नर्क बॉयसन. त्याचा डावा हात जन्मापासून लुळा. बावीस वर्षांपूर्वी त्याला इथं घ्यावं म्हणून मी तीन साहेबांशी भांडले होते. तेव्हापासून आमची मैत्री. येत्या डिसेंबरात टपाल सगळं संगणकावर जाणार आणि त्याची खोली बंद होणार होती.

तो पाकिटं फोडत होता. उजव्या हाताची बोटं नेहमीसारखी हिरवी.

"तीन एप्रिल, हार्म्स," मी म्हटलं.

त्यानं वही काढली. "नऊ पानं. आठवतं मला. आंधळी आहे असं लिहिलं होतं."

"तू वाचलंस?"

"वाचलं. कारण त्या जागेसाठी मीही अर्ज केलाय."

हे मला माहीत नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले.

"मला का नाही सांगितलंस, हिन्नर्क?"

"काय सांगू? पन्नाशीत शिकाऊ पोरासारखा अर्ज घेऊन फिरतोय म्हणून? हाताचं मी अर्जात लिहिलंच नाही, म्हणून तुला कुणी कळवलं नसेल. तो अर्ज वाचला आणि म्हटलं, गेली जागा. अकरा वर्षांचा अनुभव! आणि साहेबांना काय, आकड्यात एक अपंग घेतला की झालं. मी तर आकड्यात आधीपासून आहेच." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. "थांब. तू मला हे का विचारतेस? पान मी काढलं असं वाटतं तुला?"

"तुझ्याकडे शिक्का आहे. कारण आहे."

"चल, निघ इथून."

"हिन्नर्क."

"बावीस वर्षं, फ्राउके! निघ म्हटलं ना."

मी पहिलं पान त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते नाइलाजानं पाहिलं. मग वाकून पाहिलं.

"हा शिक्का कुणाचा?" तो म्हणाला.

"तुझा. तीन एप्रिल."

"लाल?" त्यानं स्वतःची बोटं माझ्या नाकासमोर धरली. "टपालाची शाई हिरवी, विभागांच्या आतल्या कागदांची लाल. बावीस वर्षांत मी लाल शाईला हात लावलेला नाही. शिक्के सगळीकडे सारखेच, तारीख फिरवता येते. पण शाई? माझ्याकडे लाल शाईची गादीच नाही."

तो शिक्का दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता. माझ्या टेबलावरचे सगळे कागद आतलेच, लाल शिक्क्याचे. म्हणून मला तो खटकला नव्हता. बाकीच्यांनी करडा स्कॅन पाहिला होता.

"लाल का मारेल कुणी?" मी विचारलं. "दुसऱ्या मजल्यावर हिरवी गादी नसते का?"

"जादा माल तिथल्याच कपाटात असतो. दोन्ही रंग. गाद्यांच्या डब्या काळ्याच, झाकणंही काळी. रंगाचं नाव तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत." त्यानं खांदा उडवला. "ज्यानं एवढं पान हुबेहूब केलं, त्याला लाल आणि हिरवं कळू नये?"

मला एकदम शिवलेल्या अक्षरांचे मोजे आठवले.

५

आस्मुसेनसाहेबांच्या टेबलावर मी दोन काळ्या डब्या ठेवल्या. येताना कपाटातून आणल्या होत्या.

"जरा हिरव्या शाईचा शिक्का मारून द्या," मी म्हटलं.

"हा काय खेळ, माथीसनबाई?"

"द्या तर."

त्यांनी एक डबी उचलली आणि झाकण न उघडताच उलटी केली. चष्मा कपाळावर सरकवून तळाची अक्षरं वाचली. ती ठेवली, दुसरी उलटी केली, वाचली. मग ती उघडून माझ्यापुढे सरकवली. हिरवी.

"सिग्नलला वरचा दिवा की खालचा ते बघतो," ते म्हणाले. "टोमॅटो दाबून घेतो. पन्नास वर्षं झाली, डोळ्यांनी सांगितलेला रंग मी कधी खरा मानला नाही. का?"

मी सांगितलं. ते ऐकताना त्यांचा गुळगुळीतपणा थोडा उतरला.

"मला आकडे वाढवायचे आहेत हो," ते म्हणाले. "शंभरात पाच अपंग कर्मचारी हवेत, आपण साडेतीनवर आहोत. वर दरवर्षी बोलणी खातो मी. आयती आलेली उमेदवार मी घालवीन?"

ते खरं होतं. आणि त्यांच्या हातातल्या डबीनं त्याहून मोठं काहीतरी सांगितलं होतं. ज्याला जन्मापासून रंग दिसत नाही तो चुकत नाही, कारण तो तपासतो. चुकतो तो माणूस, ज्याचे रंग अलीकडे गेलेत आणि ज्याला ते अजून पुरतं कळलेलं नाही. ज्याला तळाची बारीक अक्षरंही आता वाचता येत नाहीत.

मी जिन्यात थांबले.

ओढलेले पडदे. दारात मी बोलेपर्यंत न पटलेली ओळख. सांडू नये म्हणून अर्धाच भरलेला कप. सोडलेली गाडी. आणि ती नजर, कानाच्या जरा बाहेर. ती माझं यंत्र बघतच नव्हती. नजरेचा मधला भाग गेला की माणूस कडेनं बघायला शिकतो.

६

गेशे लॉरेन्झनच्या खोलीत मी दार लावून घेतलं आणि पान टेबलावर ठेवलं.

"यावरचा शिक्का कुठल्या रंगाचा आहे, लॉरेन्झनबाई?"

"हिरवा," ती लगेच म्हणाली. "टपालाचा हिरवाच असतो."

मी पान तिच्याकडे सरकवलं. मग तिनं पान उचलून डोळ्यांच्या एका कडेला नेलं, पार नाकाजवळ.

"लाल आहे," मी म्हटलं. "बॉयसनकडे लाल शाई नाही. आस्मुसेन डबीचा तळ वाचल्याशिवाय तिला हात लावत नाहीत. अर्ज याशिवाय फक्त तुमच्याकडे होता."

तिनं पान खाली ठेवलं.

"घरच्या पडद्यावर अक्षरं हाताएवढी करून टाईप केलं," ती शेवटी म्हणाली. "तीन रात्री गेल्या. एकही चूक राहू नये म्हणून. आणि शाईत..." तिला हसू आलं, वाईट हसू.

"का पण? तिनं तुमचं काय केलं होतं?"

"तिनं पहिल्या दिवशीच ओळखलं असतं. तुम्ही सगळे बघता, पण तुम्हाला काही दिसत नाही. तिला कळलं असतं. मी फायली शोधताना कशी हात फिरवते, पायऱ्या कशा मोजते, लोकांना 'मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू दे' असं का सांगते. डॉक्टर म्हणतात, पाच-सहा वर्षं. मी एकोणपन्नासची आहे. एकोणीस जण माझ्या हाताखाली आहेत, माथीसनबाई. आंधळ्या बाईचं कोण ऐकतं?"

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण मी स्वतः नऊ वर्षं कानांचं लपवलं होतं. लोक हसले की हसायचं, मान हलली की हलवायची, आणि संध्याकाळी घरी जाऊन कोटासकट पलंगावर पडायचं. मला कुणाची जागा हिसकावावी लागली नाही, एवढाच फरक. तो फरक लहान नाही, हेही मला माहीत होतं.

"तिला काम करून पोट भरायचं होतं," मी म्हटलं. "तिनं लपवलं नाही म्हणून तुम्ही तिला शिक्षा केलीत."

"हो."

"उद्या दुपारी बारापर्यंत तुम्ही स्वतः आस्मुसेनना सांगा. नाहीतर मी सांगेन."

दाराशी पोचले तेव्हा तिनं विचारलं, "तुम्ही माझ्याही प्रतिनिधी व्हाल का?"

"प्रमाणपत्र काढलंत की," मी म्हटलं.

७

तिनं साडेनऊलाच सांगितलं.

मुलाखती पुन्हा झाल्या. नऊ जणांच्या, हिन्नर्कसुद्धा त्यांत होता. तोम्केला जागा मिळाली, आणि कुणाच्या मेहरबानीनं नाही. चाचणी म्हणून एका चिडलेल्या शेतकऱ्याचा खोटा फोन तिला दिला होता, त्याला तिनं चार मिनिटांत थंड केलं. हिन्नर्क माझ्याशी अकरा दिवस बोलला नाही. मग एक दिवस टपाल द्यायला आला आणि म्हणाला, "ती चांगली आहे. तिच्याऐवजी मीसुद्धा मला घेतलं नसतं." मी त्याला म्हटलं की डिसेंबरच्या आत तुझ्यासाठी काहीतरी शोधू. तो म्हणाला, "शोध." आम्हा दोघांनाही ते किती अवघड आहे ते ठाऊक होतं.

लॉरेन्झनचं प्रमुखपद गेलं. शिस्तभंगाची कारवाई झाली, नोकरी राहिली, खालच्या दर्जावर, अभिलेखांच्या विभागात. तोम्केला तिनं पत्र लिहिलं. तोम्केनं ते वाचून दाखवणाऱ्या यंत्राकडून वाचून घेतलं आणि मला एवढंच म्हणाली, "उत्तर देईन. आत्ता नाही."

जूनमध्ये एका दुपारी लॉरेन्झन माझ्याकडे आली, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज घेऊन. अक्षर बारीक होतं. मी एकेक प्रश्न वाचत गेले, ती सांगत गेली, मी लिहीत गेले. दुपारी तीननंतर माझे कान दमतात, मग मी फक्त ओठ वाचून भागवते. बाहेर कॉरिडॉरमध्ये चहाच्या सुट्टीची गर्दी होती. उकाड्यामुळे दार उघडं होतं.

"अपंगत्वाचं स्वरूप, अर्जदाराच्या शब्दांत," मी वाचलं.

तिनं मान खाली घातली. ओठ हलले असावेत. मला काहीच कळलं नाही.

"पुन्हा सांगा."

तिनं हात तोंडावर नेला आणि काहीतरी पुटपुटली.

"लॉरेन्झनबाई, मला ऐकू येत नाही. हात काढा आणि मोठ्यानं सांगा."

ती उघड्या दाराकडे वळली. तिकडे कोण उभं आहे ते तिला दिसत नव्हतं, पण माणसं आहेत हे कळत होतं. मी उठून दार लावावं की नाही, हे मला ठरवता येईना. तिनं हात खाली घेतला.

"मला दिसत नाही," ती म्हणाली. इतक्या मोठ्यानं की बाहेरचं बोलणं थांबलं.

मी ते तसंच लिहून घेतलं.